चाळिसावा सुरुंग

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता साहेबांनी पहिलंच घर उघडलं आणि सुरुंग फुटला.

पडदा लाल झाला, स्पीकरमधून ढुम्म असा आवाज आला आणि ‘हरलात’ अशी पाटी झळकली. मीटिंगच्या खोलीत तेव्हा चौघं होते: कंपनीचे मालक असलेले साहेब, त्यांचे जावई, तपासणी विभागातली एक तरुण बाई आणि ज्यांनी हा खेळ लिहिला ते मास्तर. साहेबांचं बोट अजून पडद्यावरच टेकलेलं होतं.

“माझं काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. तिथे सुरुंग होता.”

“ते मला कसं कळणार?”

“कळणारच नव्हतं,” मास्तर म्हणाले. पाऊस पडला तर भिजायला होतं, हे एखाद्याला दुसऱ्यांदा सांगावं लागावं, तसा त्यांचा सूर होता.

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलेलं नव्हतं. समोरच्याला काही येत नाही असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव दिलं होतं. ते आदराने पडलं आहे, असा त्यांचा समज होता. तो दूर करण्याइतका रिकामा वेळ कुणाकडे नव्हता.

खेळ जुनाच होता. संगणक नवलाईचे होते तेव्हापासून लोक तो कामाच्या वेळेत चोरून खेळत आले आहेत. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा घरं, सगळी झाकलेली. त्यांतल्या चाळीस घरांखाली सुरुंग. घर उघडलं की एक आकडा दिसतो. भोवतीच्या आठ घरांत मिळून किती सुरुंग आहेत, ते तो सांगतो. त्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा, जिथे सुरुंग असेल तिथे झेंडा रोवायचा, बाकीची घरं उघडायची. सगळे झेंडे बरोबर लागले की जिंकलात.

लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवणाऱ्या एका कंपनीला हा खेळ हवा होता. त्यांच्या गाड्यांमध्ये प्रत्येक सीटच्या पाठीवर छोटा पडदा बसवलेला होता आणि त्या पडद्यांवर काय दाखवायचं, हा प्रश्न पडदे विकत घेऊन झाल्यावर त्यांना पडला होता. बस कंपनीच्या मालकीणबाई गुरुवारी सकाळी स्वतः येऊन खेळून बघणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर साहेब कंपनीत खेळांचा वेगळा विभाग काढणार होते. विभागाला प्रमुख लागणार होता आणि त्या खुर्चीसाठी दोनच नावं होती: एक मास्तर, दुसरे जावई. खुर्ची जावयांना गेली तर मास्तरांना परत हजेरीच्या सॉफ्टवेअरवर जायचं होतं. कोण किती वाजता आलं, कोण लवकर सटकलं, याची नोंद ठेवणारा तो कार्यक्रम मास्तर इतकी वर्षं शिवत आणि उसवत होते, की शिंप्याच्याही हाताला एव्हाना घट्टे पडले असते. त्या कामावर परत जाणं म्हणजे जिवंतपणी पुरलं जाणं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. “मग उशिरा येणाऱ्यांची हजेरी तिथून घ्या,” बायको म्हणाली होती.

जावयांबद्दल मास्तरांचं मत सगळ्यांना माहीत होतं, जावयांनाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तुकडे आणायचे, एकाला एक डकवायचे आणि वर आपल्या नावाची पाटी लावायची, याला जावई ‘विकसन’ म्हणत. मास्तर त्यांना तोंडावर ‘जावईबापू’ म्हणत. त्यातला ‘बापू’ ते जरा लांबवत.

“मी मागच्याच आठवड्यात लिहून दिलं होतं,” तपासणीवाली म्हणाली. “पहिलं घर सुरक्षित हवं. सगळीकडे असतं.”

“सगळीकडे लाड चालतात,” मास्तर म्हणाले. “पाय कुणाचा आहे ते बघून सुरुंग बाजूला सरकतो का?”

“मालकीणबाईंचा असेल तर सरकेल,” साहेब म्हणाले आणि उठले. “आज दुपारपर्यंत सरकायला शिकवा त्याला.”

जावई हसले. साहेब आधी हसले आहेत का, हे बघून मग हसले.

ही तपासणीवाली मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण. ऑफिसात ती त्यांना ‘सर’ म्हणे, बाहेर ‘दाजी’. दोन्ही शब्द एकाच सुरात. तिला ही नोकरी आपण लावली, असं मास्तर नातेवाइकांत सांगत. प्रत्यक्षात त्यांनी साहेबांकडे ‘बघा, जमलं तर’ एवढाच शब्द टाकला होता आणि तोही तिची मुलाखत होऊन गेल्यावर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळतो हे कळल्यावर तिला म्हणे रडू आलं होतं. इतकी वर्षं ती ते फुकट करत होती.

मास्तर आपल्या टेबलाशी आले आणि त्यांनी आपला कार्यक्रम उघडला. तो त्यांना मनापासून आवडत असे. विशेषतः कुंपण.

कुंपणाची गोष्ट अशी. मधल्या घराला आठ शेजारी असतात, कडेच्या घराला पाच, कोपऱ्यातल्याला तीन. शेजारचे सुरुंग मोजताना संगणकाला हे प्रत्येक वेळी बजावावं लागतं, नाहीतर तो पटाबाहेर पाय टाकतो आणि तोंडावर आपटतो. सामान्य बुद्धीची माणसं त्यासाठी अटींची रांग लावतात: डावी कड असेल तर असं, उजवी असेल तर तसं. मास्तरांनी तसलं काही केलं नव्हतं. त्यांनी पटाच्या भोवती खोट्या घरांची एक ओळ लावली होती. पट सोळाचा, पण संगणकाच्या पोटात तो अठराचा. बाहेरची ओळ खेळणाऱ्याला दिसत नाही, तिच्यावर बोट पडत नाही, तिच्यात सुरुंग नसतात. आता प्रत्येक खऱ्या घराला आठ शेजारी, सरसकट. एकही अट नाही. ही युक्ती जगात अनेकांना सुचलेली आहे. आपल्याइतकी नीटनेटकी कुणी वापरलेली नाही, अशी मास्तरांची खात्री होती.

पहिलं घर सुरक्षित करायचं तर सरळ रस्ता एकच होता: आधी खेळणाऱ्याला बोट ठेवू द्यायचं आणि मग सुरुंग पेरायचे. त्यासाठी सुरुवातीची सगळी मांडणी फिरवावी लागली असती. साहेबांच्या एका बोटासाठी आपली मांडणी फिरवायला मास्तर तयार नव्हते. त्यांनी दुसरी वाट धरली. पहिल्या घराखाली सुरुंग निघालाच, तर तो गुपचूप उचलायचा, दुसऱ्या कुठल्यातरी मोकळ्या घरात टाकायचा आणि भोवतीचे आकडे नव्याने मोजायचे. सात-आठ ओळींचं काम. चहा गार व्हायच्या आत त्यांनी ते उरकलं. त्या ओळी त्यांनी परत वाचल्या नाहीत. केराची टोपली कुणी परत उघडून बघत नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी तपासणीवाली त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, खेळ संपत नाही.”

“चिकाटी लागते.”

“सगळी घरं उघडली. एकोणचाळीस झेंडे लावले. वर आकडा दाखवतोय, एक सुरुंग बाकी. पटावर झाकलेलं घर एकही नाही.”

“मोजताना चुकली असशील.”

“उजव्या कडेला ओळीने तीन एक आहेत. त्यांच्या शेजारी सुरुंगच नाही. कुणाला मोजतायत ते?” तिने फोन पुढे केला. पडद्याचा फोटो काढलेला होता.

मास्तरांनी फोटोकडे बघितलं, म्हणजे फोटोच्या दिशेने तोंड केलं. “फोटोला काय अर्थ आहे? पुन्हा करून दाखव.”

“प्रत्येक वेळी होत नाही.”

“मग?”

“मग म्हणजे? एकदा झालं ना!”

“एकदा माझ्या आत्यालाही भूत दिसलं होतं. पुन्हा दाखव म्हटलं तर दिसेना.”

दुपारभर ती खेळत राहिली. शेजारच्या टेबलावरून मास्तरांना तिचे उसासे ऐकू येत होते आणि बरे वाटत होते. संध्याकाळपर्यंत तिला तो प्रकार पुन्हा काही घडवता आला नाही. ऑफिसचा नियम असा होता की तक्रार पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर कार्यक्रम लिहिणाऱ्याने ‘आढळत नाही’ असा शेरा मारून ती बंद करायची. मास्तरांनी शेरा मारला. पाच वाजता खेळ बसच्या पडद्यावर चढवला गेला, तो पडदा मीटिंगच्या खोलीत लागला आणि साहेबांनी सगळ्यांना बजावलं, की आता गुरुवारपर्यंत कुणी याला हात लावायचा नाही. शेवटच्या क्षणी केलेल्या सुधारणांपायी त्यांनी बरीच गिऱ्हाइकं गमावली होती.

त्या संध्याकाळी ती बहिणीकडे जेवायला आली. पानं वाढली गेली.

“दाजी, वाढू का अजून? का आढळत नाही?”

“ऑफिस इथे आणायचं नाही,” मास्तर म्हणाले.

“मी भाजीबद्दल विचारतेय.”

“अहो, तिचं एकदा ऐकून तर घ्या,” बायको म्हणाली. “लहानपणी आमच्या घड्याळात ती म्हणायची मुंगी आहे. सगळे हसले तिला. निघाली शेवटी.”

“मुंगी घड्याळात होती. इथे मी आहे.”

“तेच म्हणतेय मी,” मेव्हणी म्हणाली.

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मास्तरांनी ताट संपवलं. आपल्या घरात आपल्या कामाची समज कुणालाच नाही हे त्यांना फार दिवसांपासून ठाऊक होतं. त्यात नवीन काही नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता जावई त्यांच्याकडे आले. हातात कोरी वही होती.

“मास्तर, ते कुंपण म्हणजे नक्की काय हो? बाईंनी विचारलं तर आपल्याला सांगता आलं पाहिजे.”

“आपल्याला म्हणजे तुम्हाला.”

“तेच ते.”

मास्तरांनी खरं तर नकार द्यायला हवा होता. पण अडाणी माणूस वही घेऊन समोर उभा आहे आणि शेजारी पांढरा फळा आहे, हा योग त्यांना कधी टाळता आलेला नव्हता. ते जावयांना मीटिंगच्या खोलीत घेऊन गेले, मार्कर उचलला, चौकटी आखल्या, भोवती तुटक रेघेने बाहेरची ओळ काढली.

“आता नीट बघा, जावईबापू. तुम्हाला वाटतं हा पट आणि हे कुंपण. संगणकाला तसं वाटत नाही. त्याला अक्कल नसते. त्याच्या लेखी आतली काय नि बाहेरची काय, सगळी घरंच. तुम्ही त्याला म्हणालात, कुठलंही मोकळं घर दे, तर तो—”

मास्तर थांबले.

“तर तो?” जावयांनी वहीवरून मान वर केली.

“तर तो देतो,” मास्तर म्हणाले. “झालं. जा आता.”

जावई जे कळलं नव्हतं ते लिहून घेऊन गेले. मास्तर फळ्यासमोर उभे राहिले. कुठलंही मोकळं घर. मंगळवारी चहा गार व्हायच्या आत त्यांनी नेमकं हेच लिहिलं होतं. सुरुवातीला सुरुंग पेरताना सोळाच्या आतच पेरायचे, हे त्यांनी संगणकाला बजावलेलं होतं. उचललेला सुरुंग टाकताना बजावलं नव्हतं. म्हणजे तो कुंपणात जाऊ शकत होता. एकदा तिथे गेला, की कडेची घरं इमानदारीने त्याला मोजणार, कारण मास्तरांच्या मोजणीत अट नव्हती. खेळणाऱ्याला तो दिसणार नाही, त्याच्यावर झेंडा लागणार नाही आणि खेळ मरेपर्यंत संपणार नाही.

उजव्या कडेला ओळीने तीन एक.

त्यांनी लगेच हिशेब केला. डोकं शाबूत होतं. आधी बाईंचं पहिलंच बोट सुरुंगावर पडायला हवं, मग तो उचललेला सुरुंग नेमका बाहेरच्या ओळीत जायला हवा. पंचवीस डावांत एखाद्या वेळी, जेमतेम. बाई खेळणार एक डाव. बसमालकीण ती, तीन घरं उघडेल, छान छान म्हणेल आणि चहा घेईल. नंतर सावकाश ओळ दुरुस्त करून टाकता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. आत्ता दुरुस्त करायची, तर साहेबांना सांगावं लागणार. साहेब विचारणार, कळलं कसं? मग बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी लागणार आणि ती कुणाची होती, हे वाचून दाखवावं लागणार. त्यापेक्षा पंचविसातला एक बरा. सांगायला अजून पाऊण तास हातात होता. मास्तरांनी त्याऐवजी फळा पुसायला घेतला.

अर्धा फळा पुसून झाला तेव्हा दारात मेव्हणी उभी होती. उरलेल्या अर्ध्यावर बाहेरची तुटक ओळ अजून दिसत होती. तिने ती बघितली. बराच वेळ बघितली.

“काही हवंय?” मास्तर म्हणाले.

“नको सर. आढळलं.” उरलेला फळा पुसायचा राहूनच गेला.

मालकीणबाई अकराच्या ठोक्याला आल्या. साठीच्या, जाड चष्मा, हातात पर्स नाही, बरोबर माणूस नाही. साहेबांनी स्वागताची चार वाक्यं तयार ठेवली होती. त्यांतली दोन झाल्यावर बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

“बोलणं नंतर. आधी खेळते. ड्रायव्हरांच्या पाळ्या लावून झाल्या की गेली वीस वर्षं मी हाच खेळ खेळतेय. तुमचं काम कसं आहे ते मला तुमच्यापेक्षा आधी कळेल.”

मास्तरांना चहा नको झाला.

बाईंनी पहिलं बोट ठेवलं. घर उघडलं, स्फोट झाला नाही. त्या घराखाली आधी काही होतं की नव्हतं, हे पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनीच तो ठेवला नव्हता.

बाई चांगल्या खेळत होत्या. आकड्यांवर नजर फिरवून त्या झटकन झेंडा रोवत, कुठे अडलं तर तोंडाने चक् असा आवाज करत. मोठा मोकळा भाग एकदम उघडला तेव्हा त्यांनी मान डोलावली. “हे बरंय. अडकत नाही, थबकत नाही. कुणी लिहिलंय?”

“आम्हीच,” जावई म्हणाले.

“मी,” मास्तर म्हणाले. “एकट्याने. यात दुसऱ्या कुणाची एक ओळसुद्धा नाही.”

“मास्तरांचंच आहे,” साहेबांनी दुजोरा दिला आणि मास्तरांकडे बघून हसले. नव्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाकडे मालक जसा हसतो, तसं ते हसू होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी असं केलेलं नव्हतं. जावयांनी वही मिटली.

पुढची दहा मिनिटं मास्तर सुखात होते.

मग बाईंनी एक झेंडा रोवला आणि त्या थांबल्या. वाट बघितली. वर आकडा होता: एक.

“झाला की सगळा पट. संपत का नाही?”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला नाक लावून एकेक ओळ तपासली. खालच्या कडेशी त्यांचं बोट थांबलं.

“इथे ओळीने तीन एक आहेत. शेजारी सगळं उघडं आहे, मोकळं आहे. झेंडा लावायला घर नाही. मग हे तिघं कुणाकडे बोट दाखवतायत?”

“अं... कधीकधी पडदा—” साहेब म्हणाले.

“पडदा माझा आहे. मी विकत घेतलाय. पडद्याला मोजता येत नाही, मोजलंय तुमच्या खेळाने.”

“मास्तरांनी लिहिलंय,” जावई चपळाईने म्हणाले. “एकट्याने. त्यांनाच विचारा.” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या कामावर दुसऱ्याची पाटी लावली होती.

बाई खुर्चीसकट मास्तरांकडे वळल्या. “चाळीस म्हणताय ना? एकोणचाळीस मला सापडले. चाळिसावा कुठंय?”

मास्तरांनी टेबलापलीकडे बसलेल्या मेव्हणीकडे बघितलं. तिचा फोन मांडीवर पालथा पडला होता. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“यात काही तांत्रिक...” मास्तर म्हणाले.

“तांत्रिक मला कळतं. गाड्या चालवते मी, गोधड्या विकत नाही. सोपं करून सांगायचीही गरज नाही. कुठंय?”

“तुम्हाला हे याआधी दिसलं होतं का, मास्तर?” साहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. साहेबांचा आवाज खाली आला की ऑफिसातली माणसं आपापल्या टेबलांकडे जायला लागत. इथे जायला दुसरी टेबलं नव्हती.

“तपासणीत आलं होतं का काही?” साहेबांनी मान वळवून मेव्हणीला विचारलं.

“सर सांगतील,” ती म्हणाली. आणि मग, अगदी घरच्या सुरात: “सांगा की दाजी.”

ऑफिसात तिने त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

“फळा आहे ना?” बाई म्हणाल्या. “काढून दाखवा. माझी गाडी साडेबाराची आहे आणि ती माझीच असल्याने थांबेल.”

मास्तर उठले. फळ्याचा अर्धा भाग स्वच्छ होता. उरलेल्या अर्ध्यावर सकाळची तुटक ओळ तशीच होती आणि ते नेमके तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, पाठ खोलीकडे करून, जेवढी झाकता येईल तेवढी झाकून. त्यांनी मार्करचं टोपण काढलं.

पावणेबारा वाजता चहा घेऊन आलेल्या शिपायाने दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि ट्रे घेऊन तो तसाच परत गेला. त्याने बाहेर येऊन सांगितलं ते इतकंच: साहेब उभे आहेत, बाई बसल्या आहेत, मास्तरांच्या हातात उघडा मार्कर आहे आणि त्यांनी अजून काहीही काढलेलं नाही.